आभाळालाही वयाची अट!

कसाल तिठ्यापासून मालवण रस्त्याला लागलं की थोडं पुढे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नुसतं झेरॉक्सचं म्हणायचं आपलं. खरा धंदा फॉर्म भरून देण्याचा. पोलीस भरती, तलाठी, आरोग्यसेविका, बँक, रेल्वे, शिष्यवृत्ती... जाहिरात आली की पोरं-पोरी कागदांची पिशवी घेऊन येतात आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून एकेक रकाना भरत जाते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. नावानंतर लगेच जो रकाना येतो ना, जन्मतारखेचा, तिथेच निम्म्या लोकांचा निकाल लागतो. तारीख टाकायची, बटण दाबायचं आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात का बघायचं. लाल अक्षरं आली की समोरच्या बाईचा चेहरा बघवत नाही. कारण तो चेहरा माझा ओळखीचा आहे.

मी बी.ए. झाले, लग्न झालं, सासरी आले. परीक्षा द्यायच्या होत्या. पण आधी घर, मग दीर-नणंदांची लग्नं, मग मुलीचा जन्म. ती बालवाडीत जायला लागली तेव्हा म्हटलं, आता बसू अभ्यासाला. ते साल २०११. खुल्या वर्गासाठी वयाची अट तेव्हा ३३ होती आणि मी ३४ वर्षांची. गेलं. मग एप्रिल २०१६ मध्ये राज्य सरकारने ती अट ३८ केली. पेपरात बातमी वाचून मी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या क्षणी बोटं मोजली. मला ३९ वं लागलं होतं! दोन्ही वेळा गाडी एकेका वर्षाने चुकली. त्यानंतर मी दुकान टाकलं. म्हटलं, आपली नाही तर नाही, दुसऱ्यांची गाडी तरी वेळेवर पकडून देऊ.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमची लेक. बारावी सायन्सला आहे, १७ पूर्ण झाली. गेल्या गणपतीत घरात सगळे जमलेले असताना तिने जाहीर केलं, "मी पायलट होणार."

खरं तर या वेडाची सुरुवात आमच्या समोरच झाली. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत आम्हा कसालवाल्यांना विमान म्हणजे डोक्यावरून दाबोळीकडे जाणारा एक ठिपका. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हा झाला नसेल एवढा आनंद सासूबाईंना चिपीचा झाला. "मरायच्या आधी एकदा इमानात बसाक व्हया," असं त्यांनी धरूनच ठेवलं. २०२२ च्या मे महिन्यात मुंबईला पुतण्याचं लग्न होतं. यजमान म्हणाले, चला, आईचा हट्ट पुरवू. पंख्याचं छोटं विमान. सासूबाई खिडकीशी, शेजारी आठवीची परीक्षा संपवून बसलेली नात, पलीकडे मी. दारं बंद झाली आणि स्पीकरवर बाईचा आवाज आला, मी तुमची कॅप्टन बोलतेय म्हणून. सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "चेडू चलवता इमान?" मी म्हटलं, हो. त्यांचा पुढचा प्रश्न अगदी त्यांच्यासारखा, "किती वयाचा आसा?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. माझ्या लेकीने मात्र तो प्रश्न मनात ठेवला असावा.

गणपतीतल्या त्या घोषणेनंतर घरात जी चर्चा झाली तीही शेवटी वयावरच आली. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "शिकून, तास भरून, नोकरी लागेपर्यंत लग्नाचं वय निघून जाईल गं." एक मामेसासरे म्हणाले, "आधी डिग्री करू दे, मग बघू, वय काय पळून जातंय?" म्हणजे एकाच्या मते वय पळून जाणार, दुसऱ्याच्या मते वय थांबून राहणार. आणि निर्णय मात्र त्याच वयाच्या आधारावर घ्यायचा! मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि माझ्या सवयीप्रमाणे आधी वयाचा रकाना शोधला.

मैत्रिणींनो, सापडलं ते तुम्हालाही सांगते. घरात कुणी आभाळाकडे बघणारी असेल तर उपयोगी पडेल.

आपल्याकडे शिकाऊ वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षापासून मिळू शकतो. स्वतःच्या हौसेसाठी विमान चालवायचं, म्हणजे खासगी परवाना, त्याला १७ वर्षं पूर्ण हवीत. पगार घेऊन चालवायचं, म्हणजे व्यावसायिक परवाना, त्याला १८. आणि मोठ्या प्रवासी विमानाची कॅप्टन व्हायचं तर लागणारा वरचा परवाना २१ व्या वर्षापासून. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण भरावं लागतं, हवामानशास्त्र, दिशाज्ञान, नियम अशा विषयांच्या परीक्षा असतात, आणि बारावीला फिजिक्स व गणित लागतं. आपल्या बारामतीत, गोंदियात, धुळ्यात हे प्रशिक्षण मिळतं.

ही झाली खालची मर्यादा. मी वरची शोधत होते. परवाना काढायला जास्तीत जास्त वय किती? माझ्या दुकानातल्या प्रत्येक फॉर्ममध्ये तो आकडा असतोच. इथे नव्हता. मी दोनदा वाचलं. एखादी कंपनी नोकरीवर घेताना आपली अट घालू शकते, हवाई दलात तर वयाची चौकट कडकच असते, पण परवाना काढायला 'तुमचं वय उलटून गेलं' असं कुणी म्हणत नाही. वैद्यकीय तपासणीत पास व्हा, अभ्यास करा, तास भरा, परवाना घ्या.

वरची मर्यादा आहे ती वेगळ्या ठिकाणी. प्रवाशांना घेऊन, पैसे घेऊन उडणाऱ्या विमानात ६५ वर्षं पूर्ण झाली की वैमानिकाला बसता येत नाही. एकट्यानेच चालवायच्या व्यावसायिक विमानात तर साठीलाच थांबावं लागतं. साठ ते पासष्ट या काळात सोबत दुसरा वैमानिक हवाच.

हे आकडे आले कुठून, याचीही एक गंमत आहे. १९५९ साली अमेरिकेने ठरवलं की साठीनंतर प्रवासी विमान चालवायचं नाही. तेव्हा जेट विमानं नवी नवी येत होती. भीती अशी की साठीच्या माणसाला अचानक हृदयविकाराचा झटका आला तर? पुढे जवळजवळ अर्धं शतक तोच आकडा राहिला. मग औषधं सुधारली, माणसं जास्त जगायला लागली, साठीतला माणूस म्हातारा दिसेनासा झाला. नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मर्यादा ६५ केली, पण एक मेख मारून. दोघांपैकी एक साठीच्या वर असेल तर दुसरा साठीच्या आत हवा. २०१४ मध्ये तीही अट गेली. जपानने २०१५ मध्ये आपल्या वैमानिकांना ६७ पर्यंत मुभा दिली. अमेरिकेत २०२४ मध्ये ६७ चा प्रस्ताव आला, तो तिथल्या संसदेने मान्य केला नाही. आणि २०२५ मध्ये विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने जगभरच ६७ करा अशी मागणी पुढे केली.

दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. एकीकडे अनुभव. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर, दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान सुखरूप उतरवून १५५ जणांना वाचवणारे कॅप्टन सलेनबर्गर ५७ वर्षांचे होते. तो हिशेब विशीच्या हातांना जमला असता का कोण जाणे. दुसरीकडे शरीर. रात्रीची नजर, कानांची ताकद, सलग जागरणं, हृदय. शिवाय वरची माणसं खुर्ची सोडेनात तर खालच्यांनी कॅप्टन व्हायचं कधी? हा प्रश्न आपल्या शाळा-कचेऱ्यांतही असतो, तसा तिथेही आहे.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. त्यांना मी रात्री जेवताना हे सगळं सांगितलं. एरवी ते 'हूं' म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "बरोबर आहे. स्टेअरिंगला वय कळत नाही, डोळ्याला कळतं. आमचीपण डोळ्यांची तपासणी होतेच की." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पासष्टीच्या दिवशी काय होतं? चौसष्ट वर्षं तीनशे चौसष्ट दिवस चांगला, आणि दुसऱ्या दिवशी नापास?" तोच तर प्रश्न आहे. साठीनंतर वैमानिकाची वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी होते. हृदय, रक्तदाब, साखर, नजर, सगळं. इतकी तपासणी होत असेल तर आकडा कशाला? आणि आकडा असेल तर तपासणी कशाला? नियम करणाऱ्यांचं उत्तर असं की दोन्ही हवं, कारण अचानक काय होईल ते कुठलीच तपासणी पूर्ण सांगू शकत नाही. मला ते पटलंही. मागे दोनशे माणसं बसलेली असताना 'बघू, चालतंय तोवर चालवू' असं म्हणून चालणार नाही.

पण मागे कुणी नसेल तर? तिथे नियम बदलतो. स्वतःचं छोटं विमान, खासगी परवाना, त्याला वरची मर्यादाच नाही. वय वाढेल तशी तपासणी लवकर लवकर येते, एवढंच. याचं सगळ्यात देखणं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. फेब्रुवारी १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिलेला पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं आणि आपल्याकडची विमानसेवा सुरू झाली. त्याला ५० वर्षं झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ ला, जे. आर. डी. पुन्हा कराचीहून एका जुन्या छोट्या लेपर्ड मॉथ विमानात एकटे बसले आणि जुहूला उतरले. तेव्हा त्यांचं वय होतं ७८! ज्या एअर इंडियाचे ते इतकी वर्षं अध्यक्ष होते, तिच्या प्रवासी विमानाच्या कॅप्टनच्या खुर्चीत त्या वयात त्यांना बसता आलं नसतं. पण एकट्याच्या विमानात कुणी अडवलं नाही.

सासूबाईंना हे सांगितलं. त्या आता ७९ च्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापेक्षा एकाच वर्साचो ल्हान!" आणि दिवसभर खूश होत्या.

आता आपल्या बायकांचं. शोधता शोधता मला एक जुना खटला सापडला आणि मी दुकानात बसल्या बसल्या गार झाले. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींसाठी एके काळी नियम होता. वयाची ३५ वर्षं पूर्ण झाली की निवृत्ती. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर त्या दिवशी निवृत्ती. आणि पहिल्यांदा दिवस गेले की निवृत्ती. विमानात तेच काम करणारे पुरुष मात्र ५८ पर्यंत. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध दाद मागितली. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षांत लग्न न करण्याची अट आणि ३५ चा आकडा चुकीचा मानला नाही. ती मर्यादा पुढे वाढत गेली, पण त्यासाठी बायकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

आणि वैमानिक बायका? सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरला, वयाच्या २१ व्या वर्षी, साडी नेसून विमान उडवलं. घरी चार वर्षांची मुलगी होती. पुढे व्यावसायिक परवाना काढायचा होता. पण १९३९ मध्ये पती गेले, महायुद्ध सुरू झालं, प्रशिक्षण बंद पडलं आणि तो परवाना राहूनच गेला. त्यांनी नंतर चित्रकला शिकून आयुष्य पुन्हा उभं केलं. त्यांना वयाच्या नियमाने अडवलं नव्हतं, परिस्थितीने अडवलं. आपल्यातल्या किती जणींचं असंच असतं! नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता-सिल्चर मार्गावर फॉकर विमान नेलं तेव्हा सहवैमानिक निवेदिता भसीन होत्या आणि विमानातल्या बाकीच्या कर्मचारीही सगळ्या बायकाच. त्याच निवेदिता १९९० मध्ये, २६ व्या वर्षी, जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या. मे २०१९ मध्ये बोरिवलीच्या आरोही पंडितने २३ व्या वर्षी हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के बायका आहेत. जगात हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास आहे. निदान या एका यादीत आपण पुढे आहोत!

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? वैमानिकाचं ६५ हे बाईला आणि पुरुषाला सारखं आहे. कॅप्टनच्या खुर्चीत 'बाई आहे म्हणून पस्तीस' असं काही नाही. बाळंतपणात काही काळ जमिनीवर राहावं लागतं, मग पुन्हा तपासणी, पुन्हा सराव, पुन्हा खुर्ची. तीन महिन्यांत ठरावीक उड्डाणं आणि उतरणं झालं नसेल तर कुणालाही प्रवासी घेऊन उडता येत नाही, मग ती बाळंतीण असो की पाय मोडलेला पुरुष. नियम कडक आहे, पण कडकपणा सगळ्यांना सारखा. आमच्या घरातले, वाडीतले वयाचे नियम असे कुठे सारखे असतात? भावाला तिशी म्हणजे 'आता कुठे स्थिर होतोय', बहिणीला तिशी म्हणजे 'आता कोण करणार'.

पुढच्या वेळी जाऊबाई आल्या तेव्हा मी त्यांना हसत हसतच म्हटलं, "वहिनी, कायद्यात लग्नाला खालची मर्यादा आहे, १८ ची. वरची कुठे लिहिलेली मला तरी सापडली नाही. फॉर्म भरते ना मी, बघितलं असतं." त्याही हसल्या. मनातून किती पटलं ते त्यांनाच ठाऊक. पण जाताना लेकीच्या हातावर पाचशेची नोट ठेवून गेल्या, "विमानाच्या पुस्तकाला" म्हणून.

खरी अडचण अजून पुढेच होती. पैसे. या प्रशिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो, कधी त्याहून पुढे. आम्ही एका बँकेत चौकशीला गेलो. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वडिलांचं वय?" यांनी सांगितलं, ५४. साहेबांनी कागदावर आकडेमोड केली. निवृत्तीला चार वर्षं, कर्ज मात्र १०-१५ वर्षांचं. म्हणाले, तारण लागेल. बाहेर येऊन आम्ही दोघं रिक्षा स्टँडपाशी नुसते उभे राहिलो. हे म्हणाले, "तिचं वय बसतंय, माझं बसत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा दुकानातल्या त्या लाल अक्षरांसमोर बसलेल्या माणसासारखा दिसला.

घरी सासूबाईंना सांगायचं नव्हतं, पण त्यांच्यापासून काही लपत नाही. त्यांच्या नावावर माहेरून आलेली काजूची बाग आहे. रात्री भांडी विसळताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाग माझ्या नावार आसा ना? सही करूक वय लागता काय?" मी म्हटलं, "आई, उद्या काही कमी-जास्त झालं तर?" त्या म्हणाल्या, "काजी दरवर्सा येतत. चेडवाचा सतरावा वरस परत येवचा नाय."

सही अजून झालेली नाही, आणि घाईने करणारही नाही. कारण त्याआधी एक पायरी आहे, जी बहुतेक जण विसरतात. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी. आधी दुसऱ्या वर्गाची, मग व्यावसायिक परवान्यासाठी पहिल्या वर्गाची, तीही मान्यताप्राप्त डॉक्टरांकडेच. आमच्या लेकीला चष्मा आहे. चष्म्याने नजर ठरल्याप्रमाणे सुधारत असेल तर चालतं, पण रंग ओळखता यायलाच हवेत. लाखो रुपये भरून मग तपासणीत अडकलेल्यांच्या गोष्टी ऐकल्या आहेत, म्हणून मी ठरवलं, आधी डोळे, मग बाग. बारावीची परीक्षा झाली की मुंबईला तपासणी. पास झाली तर पुढचं. नाही झाली तर रडू एक दिवस आणि दुसरा रस्ता शोधू. विमान दुरुस्त करणारे इंजिनीअर आहेत, विमानांना वाट दाखवणारे नियंत्रक आहेत. आभाळाकडे जायला दारं बरीच आहेत.

गेल्या रविवारी दुकान बंद करायच्या वेळी लेक आली आणि म्हणाली, "आई, माझा फॉर्म तूच भर." नोंदणीचाच होता, साधा. नाव टाकलं. मग जन्मतारीख. जून २००८. बटण दाबताना माझा हात उगाचच थरथरला. इतकी वर्षं ज्या रकान्याने मला दोनदा परत पाठवलं, तोच हा. लाल अक्षरं आली नाहीत. पुढचं पान उघडलं.

ती मागे उभी राहून बोटं मोजत होती. "मी पासष्टची होईन २०७३ मध्ये. तेव्हा तू?"

"छप्पन्न... नाही, शहाण्णव," मी म्हटलं.

"मग तेव्हा माझ्या शेवटच्या फ्लाइटला यायचंस. आणि ऐक, खासगी परवान्याला वरची मर्यादा नाहीये. तूच वाचून दाखवलंस. म्हणजे तूपण काढू शकतेस."

मी हसून तिच्या पाठीत धपाटा घातला आणि शटर ओढलं. मला काही विमान चालवायचं नाही. पण घरी जाताना, तिठ्यावरच्या गर्दीतून चालताना, एक हिशेब मनात सुरू झाला होता. ४८ वर्षांत मी किती गोष्टी 'आता वय नाही' म्हणून सोडून दिल्या आणि त्यातल्या खरोखर किती गोष्टींच्या फॉर्मवर वरची मर्यादा लिहिलेली होती? दोन आठवल्या. फक्त दोन. बाकीचे आकडे कुणी तरी तोंडी सांगितले होते आणि मी ते न तपासता भरून टाकले होते.